विश्वासणाऱ्याच्या अंगात भूत असतं का? आमच्याच लोकांशी बोलायचंय

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

भूत उतरवायच्या प्रार्थनासभांवर तुमच्या पेपरात सध्या वाचकांची पत्रं येतायत, ती सगळी मी वाचली. काहीजण लिहितात की ख्रिस्ती लोक म्हणजे सगळे भोंदू, आणि आमच्यातले काही लिहितात की सभेला नावं ठेवतो तो देवाचाच विरोधक. मी जन्माने ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातली, पणजोबांच्या काळापासून आमचं घर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहे, वीस वर्षं झाली मी संडे स्कूलला मुलांना शिकवतेय. मला दोघांशीही बोलायचंय, पण खरं सांगायचं तर जास्त आमच्याच लोकांशी बोलायचंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते म्हणजे नंतर गैरसमज नको. मी सैतान मानते, भुतं म्हणजे दुरात्मे मानते. प्रभू येशूने गरसेकरांच्या मुलुखात त्या कबरींमध्ये राहणाऱ्या माणसाला सोडवलं, ज्याने आपलं नाव सैन्य सांगितलं, ते बायबलात मार्कच्या ५व्या अध्यायात आहे आणि मी ते गोष्ट म्हणून नाही तर घडलेलं म्हणून वाचते. आमच्या बाप्तिस्म्यातच सैतानाला नाकारण्याचं वचन असतं. त्यामुळे कोणी म्हणू नये की ही बाई शिकलीसवरली म्हणून विश्वास सोडून बोलतेय. मी विश्वासामुळेच बोलतेय.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते, तिला विचारून सांगतेय, तिनेच सांगितलं लिही म्हणून.

पाच वर्षांपूर्वी तिचं दुसरं बाळंतपण झालं, मुलगी झाली, सगळं नीट. दहाव्या-बाराव्या दिवसापासून तिची झोप गेली. बाळ रडतं म्हणून नाही, बाळ गाढ झोपलेलं असायचं आणि ही टक्क डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडलेली. मग बाळाला जवळ घेईना, म्हणायची माझ्या हातून हिला काहीतरी होईल, कोणीतरी कानात सांगतंय. शेजारीपाजारी लगेच म्हणाले बाहेरचं झालंय, ओली बाळंतीण तिन्हीसांजेला ओढ्याच्या वाटेने आणली असणार, देवऋषाला दाखवा. आम्ही ताठ मानेने म्हणालो आम्ही ख्रिस्ती आहोत, आम्ही देवऋषाकडे जात नाही. आणि तिला एका सुटकेच्या सभेत, म्हणजे भूत काढायच्या प्रार्थनासभेत घेऊन गेलो.

पत्र्याचं शेड, दोन मोठे स्पीकर, कीबोर्ड चालू, शंभर-सव्वाशे माणसं. पास्टरनी तिच्या डोक्यावर खोबरेल तेल ओतलं आणि ओरडून विचारायला लागले, बोल तुझं नाव काय, कधी शिरलास. ती आपलं स्वतःचं नाव सांगत होती, बाप्तिस्म्याचं नाव, परत परत तेच, तर ते म्हणाले हा खोटं बोलणारा आत्मा आहे, आवाज वाढवा. तिने सुटायचा प्रयत्न केला तेव्हा तिचे हात धरायला जी बाई पुढे झाली ती मी होते. तिच्या दोन काचेच्या बांगड्या माझ्या मुठीत फुटल्या. बाहेर बाळ भुकेने रडत होतं, ते ऐकून तिचं ब्लाऊज दुधाने भिजलं होतं, आणि आम्ही तिला तीन दिवसांचा उपास म्हणून नुसत्या पाण्यावर ठेवलेलं. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

पण त्या तेलापेक्षा आणि त्या आरडाओरड्यापेक्षा जास्त जखम एका वाक्याने केली. शेवटी भूत काही निघेना तेव्हा पास्टर म्हणाले, हिचं तारणच झालेलं नाही, झालं असतं तर हे आत शिरलंच नसतं. तारण म्हणजे येशूवरच्या विश्वासाने पापातून झालेली सुटका. घरी आल्यावर रात्री अडीचला तिने मला उठवलं आणि विचारलं, ताई, माझं नाव जीवनाच्या पुस्तकातून खोडलंय का गं? तारण झालेल्यांची नावं देवाच्या त्या पुस्तकात असतात असं आम्ही मानतो. जी मुलगी बाराव्या वर्षापासून भक्तीत पेटी वाजवते ती मला हे विचारत होती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी मुलांना इतकी वर्षं शिकवून स्वतः नीट वाचलंच नव्हतं.

तिला वाचवलं ते आशाताईंनी. त्या बाळंतपणानंतर घरी फेऱ्या मारतात ना, त्यातली अठ्ठाविसाव्या दिवसाची फेरी होती, बाळाचं वजन करायला आल्या, झोळीचा काटा बाजूला ठेवला आणि बाळाच्या आधी आईकडे बघत बसल्या. मग विचारलं, ही कधीपासून झोपली नाहीये? त्या आमच्या धर्माच्या नाहीत. त्यांनीच रिक्षा बोलावली आणि सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. बाळंतपणानंतरचा आजार, औषधाने बरा होतो, गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, एवढं साधं निघालं. आठेक महिने लागले पण बरी झाली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की विकसनशील देशांत बाळंतपणानंतर साधारण पाचातल्या एका बाईला मनाचा काही ना काही आजार होतो, बहुतेक वेळा डिप्रेशन. आता पाचातल्या एका बाळंतिणीच्या अंगात भूत शिरतं असं म्हणायचं का आपण?

तिच्या रात्री अडीचच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी तेव्हापासून पवित्र शास्त्र परत पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि जे सापडलं ते साध्या भाषेत लिहिते, मी काही सेमिनरीत शिकलेली नाही.

इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात प्रेषित पौल, ज्याने मंडळ्यांना पत्रं लिहिली, तो म्हणतो की विश्वास ठेवल्यावर तुमच्यावर पवित्र आत्म्याचा शिक्का मारला गेला आणि तो आत्मा आपल्या वतनाचा विसार आहे. विसार! आपल्याकडे जमीन घेताना विसारपावती करतात तोच शब्द. म्हणजे व्यवहार ठरला, पैसे दिले गेले, मालक बदलला. आपल्या शेतकरी लोकांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर सातबारा आता ख्रिस्ताच्या नावावर आहे. शेजारचा रात्री बांध कोरेल, गुरं घालेल, धमक्या देईल, कोर्टात खोटा दावाही टाकेल, त्याने तुमची झोप उडेल, पण म्हणून सातबाऱ्यावर त्याचं नाव चढत नाही. विश्वासणाऱ्याला, म्हणजे येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला, सैतान त्रास देऊ शकतो का तर हो, देऊ शकतो, छळ करू शकतो, मोहात पाडू शकतो, येशूचा शिष्य पेत्र याने तो गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो असं मंडळीलाच लिहिलंय. पण विश्वासणाऱ्यावर त्याचा कब्जा असू शकतो का, तर नाही. कलस्सैकरांच्या पत्रात सरळ लिहिलंय की देवाने आपल्याला अंधाराच्या सत्तेतून काढून आपल्या पुत्राच्या राज्यात नेऊन ठेवलंय.

त्रास आणि कब्जा यातला हा फरक आमच्या सभांमध्ये पार पुसून टाकलाय, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

मला माहितीय सभावाले काय दाखवतात. ते हनन्याचं उदाहरण देतात, प्रेषितांच्या कृत्यांच्या ५व्या अध्यायातलं, ज्याने जमिनीच्या पैशांबद्दल खोटं सांगितलं, की बघा तो विश्वासी होता आणि सैतानाने त्याचं मन भरवलं. बरोबर आहे, पण पेत्राने हनन्याच्या डोक्यावर तेल ओतलं नाही, भुताचं नाव विचारलं नाही, त्याने हनन्यालाच जाब विचारला की तू हे का केलंस. आणि खुद्द पेत्र! त्याला तर प्रभू सगळ्यांसमोर म्हणाला, अरे सैताना, माझ्यामागे हो. मग काय पेत्राला झोपवून चार जणांनी हातपाय धरले? त्यालाच पुढे सांगितलं की माझी मेंढरं पाळ. करिंथची मंडळी घ्या, तिथे काय नव्हतं, बापाच्या बायकोला ठेवणारा होता, प्रभुभोजनात पिऊन झिंगणारे होते, एकमेकांवर कोर्टात दावे लावणारे होते, आणि पौलाने त्यांना दोन लांबलचक पत्रं लिहिली, रागावला, रडला, पण एकदाही लिहिलं नाही की तुमच्या भावांच्या अंगातली भुतं काढा. मी सगळी पत्रं शोधून बघितली. विश्वासणाऱ्यातून भूत काढायची एकही आज्ञा मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत नाहीये. आज्ञा आहे ती उभं राहायची, शस्त्रसामग्री घालायची, सैतानाला अडवायची, आणि त्याला वाव न द्यायची.

दुसरं ते दाखवतात ती मत्तयच्या १२व्या अध्यायातली झाडलेल्या घराची गोष्ट, की निघालेला आत्मा आणखी सात घेऊन परत येतो, म्हणून दर महिन्याला सभेला या. अहो पण ते घर रिकामं होतं असं स्पष्ट लिहिलंय. विश्वासणाऱ्याचं घर रिकामं कुठे आहे, पौल म्हणतो तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. घरमालक आत बसलेला असताना भाडेकरू येतोय म्हणून घाबरवायचं आणि त्या भीतीवर दर महिन्याची गर्दी जमवायची, हे मला पटत नाही.

आणि अठरा वर्षं वाकलेली ती बाई, लूकच्या १३व्या अध्यायातली. प्रभू म्हणाला हिला सैतानाने बांधलं होतं, हे खरंय. पण त्याच वाक्यात तो तिला अब्राहामाची कन्या म्हणतो. येशूने तिच्यावर हात ठेवला आणि ती सरळ उभी राहिली, आणि सभास्थानाचा अधिकारी शब्बाथावरून, म्हणजे विश्रांतीच्या दिवसावरून, कुरकुर करायला लागला तेव्हा येशूने सगळ्यांसमोर तिचं नातं सांगितलं. तिला विचारलं नाही की तू काय पाप केलंस. माझ्या बहिणीला त्या दिवशी कोणीतरी अब्राहामाची कन्या म्हणायला हवं होतं.

शिवाय पौलाचं स्वतःचं बघा ना. त्याच्या शरीरात काटा होता, सैतानाचा दूत असं तो स्वतः म्हणतो, तीनदा प्रार्थना केली आणि तो काटा निघाला नाही. उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. कोणी म्हणेल का की पौलाचं तारण झालं नव्हतं? एलीया संदेष्टा झुडुपाखाली बसून देवाला म्हणाला की आता माझा जीव घे, तर देवदूताने त्याला आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, मग परत झोपू दिलं. आम्ही माझ्या बहिणीची तीच दोन औषधं काढून घेतली, झोप आणि भाकर. आणि मत्तय ४ मध्ये लोक येशूकडे कोणाकोणाला आणत होते त्याची यादी आहे, त्यात भूतग्रस्त वेगळे लिहिलेत, फेफरेकरी वेगळे आणि पक्षाघाती वेगळे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना आजार आणि भूत वेगवेगळं लिहिता येत होतं, आणि आम्ही मोबाईलवर लाइव्ह सभा बघणारे लोक सगळं एकाच टोपलीत टाकतोय.

कोणी म्हणेल ही जुन्या मिशनच्या मंडळीतली बाई आहे, हिला आत्म्याचा अनुभव नाही. मग ऐका. असेंब्लीज ऑफ गॉड हा जगातला मोठा पेंटेकॉस्टल पंथ, चमत्कार मानणारा, भुतं काढणं मानणारा, त्यांनी १९७२ साली याच प्रश्नावर अधिकृत भूमिका लिहून काढली आणि सांगितलं की नवा जन्म झालेल्या, म्हणजे तारण झालेल्या, माणसात भूत वस्ती करू शकत नाही. सगळ्यांचं एकमत आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतले मेरिल उंगर नावाचे मोठे अभ्यासक आधी नाही म्हणायचे आणि १९७०च्या दशकात त्यांनी मत बदललं. म्हणजे शिकलेले, प्रामाणिक लोकही यावर वेगळं बोलतात हे मला मान्य आहे. पण वेगळं मत असणं वेगळं आणि तापाने फणफणलेल्या माणसाला तुझं तारण झालेलं नाही म्हणून सांगणं वेगळं.

कॅथलिक लोकांत तर बिशपची खास परवानगी घेतल्याशिवाय कोणी फादर असा विधी करूच शकत नाही, चर्चच्या कायद्यातच कलम आहे, आणि मनाचा आजार असेल तर ते डॉक्टरांचं काम, हेही त्यांच्या शिकवणीत लिहिलेलं आहे. या सावधपणामागे कारणं आहेत. जर्मनीत ॲनेलीज मिशेल नावाची २३ वर्षांची मुलगी, अतिशय भाविक, शाळेपासून फिट यायच्या, तिच्यावर दहा महिन्यांत ६७ वेळा भूत काढायचा विधी केला. औषधोपचार सुटले, खाणं सुटलं, आणि १ जुलै १९७६ला ती वारली तेव्हा वजन तीस किलोच्या आसपास होतं. १९७८ साली कोर्टाने तिच्या आईबापांना आणि दोन धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी धरलं. ते चौघंही तिच्यावर प्रेम करणारे होते. माझ्या डोक्यातून हेच जात नाही, आम्हीही प्रेमच करत होतो.

आता ज्यांनी लिहिलं की ख्रिस्ती म्हणजे सगळे भोंदू, त्यांना एवढंच सांगते की याच विश्वासाने नगरला १८३१ पासून शाळा उभ्या केल्या, मिरजेला १८९४ साली मिशनरी डॉक्टर वानलेसचं हॉस्पिटल उभं राहिलं, आमच्या नगरचं बूथ हॉस्पिटल तर कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला विचारा. दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी जागृती झाली, बायका रात्र रात्र रडून प्रार्थना करायच्या, आणि त्याच आवारात दुष्काळातल्या पोरी जेवत होत्या, शिकत होत्या, छापखाना चालवत होत्या. प्रार्थना आणि पथ्यपाणी एका छताखाली होतं. ते कधी तुटलं मला कळत नाही, पण तुटलंय, कारण आज आमच्यातलेच काही पास्टर साक्षीत, म्हणजे देवाने काय केलं ते सांगताना, अभिमानाने सांगतात की अमक्या बहिणीने गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि टाळ्या पडतात. फिटच्या गोळ्या अशा अचानक थांबवल्या तर फिट थांबत नाही, जीव जाऊ शकतो. नीट उपचार घेतले तर मिरगीच्या दहातल्या सातजणांना फिट न येता जगता येतं.

कायद्याचंही सांगते, कारण आमच्यात खूप जणांना वाटतं की जादूटोणा कायदा म्हणजे बुवा-बाबांसाठी, आपला संबंध नाही. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात तो कायदा आला. त्याच्या अनुसूचीत पहिलंच आहे की भूत उतरवायच्या बहाण्याने कोणाला दोरीने-साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, केस ओढणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार दंड. त्यात कुठल्या धर्माचं नाव नाही. नुसती प्रार्थना, उपासना, भजन-कीर्तन यांना कायद्याने हात लावलेला नाही, म्हणून आमच्या लोकांनी धर्मावर घाला आला असं ओरडायचंही कारण नाही. गुडघे टेकून आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला कोणी अडवलेलं नाही, याकोबाने सांगितलंय तसं तेलही लावा. तेल लावा आणि दवाखान्यातही न्या, इतकंच म्हणणं आहे.

खरं कारण मला वाटतं हे आहे की आमच्यातले खूप लोक मंडळीत आले तेच करणी-भानामतीच्या भीतीतून सुटायला. माझी आजी सांगायची, तिच्या सासरी दारात लिंबू दिसलं तर तीन दिवस चूल पेटायची नाही. येशूकडे आल्यावर ती भीती गेली, हीच तिची साक्ष होती, तिने आयुष्यभर दुसरी कुठली साक्ष दिली नाही. आणि आता तिच्या नातवंडांना सभेत सांगतात की घरातल्या जुन्या फोटोतून शाप येतो, खापरपणजोबांच्या देवामुळे पोराला नोकरी लागत नाही, पिढीजात बंधन तोडायला अमुक दिवसांची सभा भरा. आजीने जी भीती उंबऱ्याबाहेर टाकली ती आपण मागच्या दाराने परत आत घेतोय, फक्त अंगाऱ्याच्या जागी तेल आलंय. रोमकरांच्या ८व्या अध्यायात पौल म्हणतो की मरण नाही, जीवन नाही, देवदूत नाहीत, अधिपती नाहीत, कुठलीच सृष्ट वस्तू आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही. त्या यादीत अधिपती म्हणून ज्यांना धरलंय त्यात ही भुतंखेतं आलीच, आणि कुठलीच सृष्ट वस्तू म्हटल्यावर डिप्रेशनही आलं, फिटही आली, खापरपणजोबाही आले.

तारण कृपेने झालं, ते देवाचं दान आहे, आम्ही ते कमावलेलं नाही. मग रात्री झोप लागली नाही म्हणून ते जाईल कसं? हे उत्तर मला बहिणीला द्यायला पाच-सहा महिने उशीर झाला. दिलं तेव्हा ती बाळाला पाजत होती, म्हणाली एवढं सोपं होतं तर त्या दिवशी कोणीच का नाही म्हणालं.

संपादक साहेब, माझी तुम्हाला एक विनंती आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस म्हणून फुकट फोन सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलतात. हा नंबर आणि त्या २०१३च्या कायद्याची अनुसूची तुम्ही पेपरात एका चौकटीत मोठ्या अक्षरात छापा. मी ते कात्रण कापून आमच्या मंडळीच्या बोर्डावर लावणार आहे, उपासनेच्या वेळापत्रकाच्या शेजारी, खाली इफिसकरांस पत्रातलं विसाराचं वचन माझ्या हाताने लिहून. कोणी काढलं तर दुसरं लावीन, म्हणून त्या दिवशीचे चार पेपर जास्तीचे घेऊन ठेवते.

आपली,
एक संडे स्कूल शिक्षिका, जि. अहिल्यानगर